सतरा नंबर

श्रावस्तीने स्टीलच्या डब्यात हात घातला,
सातवीतली पोरगी, डोळे गच्च मिटून,
आणि माझ्या नावापुढे चिठ्ठी निघाली: सतरा.
ग्रामसेवक म्हणाला, सही करा.
केली. शिलाईच्या पावतीवर करतो तशीच,
फक्त या वेळी माप माझं होतं.

जुन्या कोंडवाड्याचे बावीस तुकडे पडले.
भिंती केव्हाच बसलेल्या,
फाटक कुणी भंगारात विकलं ते सगळ्यांना ठाऊक
आणि कुणालाच ठाऊक नाही.
मी टेप घेऊन गेलो, म्हणजे तो गळ्यातच होता.
साठ इंचांचा टेप. जमीन काही त्यात मावेना.
शेजारच्या अठरा नंबरातून पंचफुलाबाई ओरडली,
"टेलर, ब्लाउज शिवता का वावराचं?"
वावर म्हणाली ती.
दिवसभर तो शब्द मी गालात धरला, सुपारीसारखा.

तेहतीस वर्षं लोकांच्या बाह्या लांब-आखूड केल्या.
सब्बल पहिल्यांदा हाणली
तर जमिनीला कमी, माझ्याच खांद्याला जास्त लागली.
वरची वीतभर माती खडखडीत.
खाली मात्र काळी, भुसभुशीत,
किती वर्षांच्या कोंडलेल्या ढोरांच्या शेणामुताची.
पंचफुलाबाईने मूठभर उचलून हुंगली.
"खत काहून आणता बाप्पा," म्हणाली,
"दंड भरून ठेवला लोकायनं."

तिसऱ्या दिवशी बैलाचा नाल निघाला, गंजून पापडी झालेला.
मग एक घाटी. लहान, पितळी, आत जीभ नाही.
आमच्या भुरीच्या गळ्यात अशीच होती.
तीच असेल असं नाही. नसेलच.
भुरी वानखेड्यांच्या हरभऱ्यात शिरली होती.
आपलं वावर नसलं की शेळी
दुसऱ्याच्याच वावरात चरते, दुसरीकडे जाईल कुठं?
दंड तीन रुपये. बा दोन घेऊन आला.
मी फाटकाच्या फटीतून बोरीचा पाला सारत होतो,
ती खात होती आणि माझ्याकडे पाहत होती,
जणू कोंडलेला मीच.
तिसरा रुपया जमेपर्यंत खुराकीसकट सात झाले.
लिलावात पुलगावच्या माणसाने नेली.
घाटी खिशात टाकली.
इंदू म्हणाली, खिसा काहून लोंबते?
म्हटलं, खडू आहे.

दोरा बांधून ओळी आखल्या,
चाळीस नंबरचा पांढरा, वाऱ्याने दोनदा तुटला.
मेथी, सांभार, पालक, कडेने वाल,
कोपऱ्यात भेदरांची चार रोपं, पंचफुलाबाईने दिलेली.
मेथीचे दाणे मी बटणासारखे मोजत बसलो
तर ती हसून हसून वाफ्यातच बसली.
"फेकून पेरा जी. थे काय काजं करून लावतेत?"
रोज संध्याकाळी हापशीवरून सहा गुंड पाणी.
पाचव्या दिवशी मेथी आली,
डोक्यावर मातीची ढेपळं घेऊन,
आणि मी दुकान उघडायचंच विसरलो.
गजाननच्या लग्नाचा कोट एका बाहीचाच राहिला.
त्याच्या आईने जे ऐकवलं ते ऐकून घेतलं.
आता कार्तिक सरत आला,
वाल टोंगळ्याएवढा चढला,
आणि मी कामाशिवायही तिथं जातो.

काल शेळी शिरली.
पांढरी, एका कानाला चीर असलेली,
वालाचे शेंडे ओळीने खुडत होती,
एकही न चुकवता.
मी धावलो, कान धरला,
आणि कुणाच्या आवाजात कोण जाणे, ओरडलो,
"कोंडवाड्यात टाकतो तुले!"

बावीस तुकड्यांवर क्षणभर शांत झालं.
मग पंचफुलाबाईने पदर तोंडाशी नेला.
"आनखी कुठं टाकता, टेलर?
उभी तर आहे."

सगळे हसले. मीही.
तेवढ्यात शेळीमागून एक पोरगं आलं, आठ-नऊ वर्षांचं,
हसत नव्हतं.
चड्डीच्या खिशात मूठ घालून म्हणालं,
"किती द्या लागते?"

काही नाही, म्हटलं. घेऊन जा.
म्हटलं लगेच.
पण कान सोडायला
मला जरा वेळ लागला.